थायरॉइडच्या गाठीची सुईची तपासणी: चिठ्ठी हातात पडल्यापासून रिपोर्ट समजेपर्यंत

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ (म्हणजे गाठ) आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एफएनएसी’ (म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) हे दोन शब्द एकाच आठवड्यात घरात आले की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यात भेटायला आलेलं कुणीतरी हमखास सांगून जातं, ‘गाठीला सुई लावू देऊ नका, लावली की पसरते.’ त्या एका वाक्यापायी लोक ही तपासणी महिनोन्‌महिने लांबणीवर टाकतात. मी स्वतः यातून गेले आहे आणि नंतर घरातल्या, ओळखीतल्या बायकांबरोबर सोबतीला जाऊन बसले आहे. सुई टोचण्याचा भाग त्यात सगळ्यांत छोटा असतो. तपासणी कामी येते की वाया जाते, हे सुईच्या आधी आणि सुईच्या नंतर ठरतं. कोणत्या गाठीला सुई लावायची, ती कोण आणि कशी लावणार, आणि आलेला रिपोर्ट सोनोग्राफीशी ताडून कोण बघणार, यावर सगळं अवलंबून असतं.

पसरण्याचं आधी सांगून टाकते. थायरॉइडमध्ये बारीक सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत, पण ती अत्यंत विरळ. जगभर कित्येक दशकं ही तपासणी रोज होते आहे आणि गाठ साधी की संशयाची हे ऑपरेशनशिवाय ठरवायची आजही हीच पहिली पद्धत आहे. सुईच्या भीतीने गाठ तशीच ठेवण्यात धोका जास्त आहे.

मुळात सुई लागणार आहे का?

थायरॉइडमध्ये गाठ असणं ही फार सर्रास आढळणारी गोष्ट आहे. हाताला लागेल अशी गाठ साधारण १०० स्त्रियांपैकी ५ जणींमध्ये आणि १०० पुरुषांपैकी एकामध्ये सापडते. सोनोग्राफीचा प्रोब फिरवला तर हे प्रमाण कितीतरी वाढतं. वेगवेगळ्या अभ्यासांत ते १९ टक्क्यांपासून ६८ टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. मानेच्या दुखण्यासाठी एमआरआय काढला आणि त्यात थायरॉइडची गाठ दिसली, असे कितीतरी जण भेटतात. यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. कॅन्सर निघण्याचं प्रमाण अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७ ते १५ टक्के आहे. म्हणून दिसली गाठ की लाव सुई, असं करत नाहीत आणि करू नये.

आधी रक्ताची टीएसएच तपासणी. इथे दोन गैरसमज सारखे कानावर येतात. एक म्हणजे, ‘माझं थायरॉइड नॉर्मल आहे, मग गाठ कशी?’ टीएसएच सांगतं ग्रंथी किती काम करते आहे ते. गाठ कसली आहे हे त्यातून कळत नाही. गाठ असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच येतो, कॅन्सर असलेल्यांचासुद्धा. दुसरा म्हणजे, थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणजे गाठीवरही उपचार चालू आहेत. तसं नाही. ती गोळी शरीरात कमी पडणारं हार्मोन भरून काढते.

टीएसएच कमी आला, म्हणजे ग्रंथी जास्त काम करते आहे असं दिसलं, तर सुईच्या आधी किरणोत्सारी औषध देऊन थायरॉइड स्कॅन करतात. स्कॅनमध्ये गाठ ‘हॉट’ दिसली, म्हणजे तीच जास्तीचं हार्मोन बनवते आहे असं कळलं, तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फारच कमी असते आणि बहुधा सुई लागत नाही. गरोदरपणात हा स्कॅन करत नाहीत. सुईची तपासणी मात्र गरोदरपणातही करता येते.

केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. बायोटिनमुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी ती गोळी बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. ‘ते काही औषध नाही, व्हिटॅमिन आहे’ म्हणून कुणी सांगतच नाही.

मग येते सोनोग्राफी. सुईचा निर्णय खरा इथे होतो, म्हणून ती फक्त थायरॉइडची आणि सबंध मानेची असावी, गळ्यातल्या लसिका गाठींसकट (लिम्फ नोड्स, म्हणजे संसर्गात सुजतात त्या गाठी). रिपोर्टमध्ये पाच गोष्टी बघतात: गाठ भरीव आहे की पाण्याची, तिचा रंग आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा गडद आहे का, ती रुंदीपेक्षा उंच आहे का, कडा नीट आहेत की दातेरी, आणि आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का. यांना गुण देऊन टाय-रॅड्स नावाची श्रेणी ठरते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या २०१७ च्या पद्धतीत श्रेणी १ आणि २ ला सुई लागत नाही. श्रेणी ३ ची गाठ अडीच सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर, श्रेणी ४ ची दीड सेंटिमीटरपासून पुढे आणि श्रेणी ५ ची एक सेंटिमीटरपासून पुढे सुई सुचवतात. त्याहून लहान गाठींवर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नजर ठेवतात. टाय-रॅड्सच्या पद्धती एकाहून जास्त आहेत, त्यामुळे रिपोर्टमध्ये कोणती वापरली आहे ते लिहिलेलं असावं. आपल्याकडे काही रिपोर्टमध्ये माप मिलिमीटरमध्ये असतं आणि काहींत सेंटिमीटरमध्ये. ‘१२’ वाचून घाबरण्याआधी एकक बघा. १२ मिलिमीटर म्हणजे सव्वा सेंटिमीटरही नाही.

हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं असेल, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, आवाज बसला असेल, गाठ पटापट वाढत असेल, हाताला दगडासारखी घट्ट लागत असेल, गळ्यातल्या लसिका गाठी संशयास्पद दिसत असतील, तर डॉक्टर लहान गाठीलाही सुई सुचवतात. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये नेमकी तीच जागा चमकली असेल तरीही सुचवतात. मुलांमध्ये तर गाठ कॅन्सरची निघण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यांच्यासाठी वेगळा विचार होतो.

एवढं काटेकोर का वागायचं, याचं उत्तर दक्षिण कोरियात मिळालं. तिथे आरोग्य तपासणीबरोबर सरसकट थायरॉइडची सोनोग्राफी होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण सुमारे १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं. ज्या बारीक गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता त्यांच्यासाठी हजारोंनी ग्रंथी काढून घेतल्या. जपानमध्ये कोबे इथल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासूनच एक सेंटिमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या पॅपिलरी कॅन्सरवर (थायरॉइड कॅन्सरचा हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार) ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवायचा मार्ग धरला होता आणि त्यातल्या बहुतेक गाठी वर्षानुवर्षं वाढल्या नाहीत. म्हणून डॉक्टर म्हणाले, ‘ही छोटी आहे, सहा महिन्यांनी बघू,’ तर ते टाळाटाळ करत आहेत असं समजू नका. कोणत्या श्रेणीमुळे आणि कोणत्या मापामुळे थांबायचं ते मात्र विचारून घ्या आणि पुढच्या सोनोग्राफीचा महिना लिहून घ्या.

कुठे करायची, कोणाकडून

सुई दोन प्रकारे लावतात. एक, हाताने गाठ चाचपून. दुसरी, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत. पर्याय असेल तर दुसरीच घ्या. गाठ हाताला लागत नसेल, मागच्या बाजूला असेल, अर्धी पाण्याची असेल, किंवा आधीच्या वेळी नमुना कमी पडला असेल, तर सोनोग्राफीशिवाय सुई लावून घेण्यात अर्थच नाही. अर्धवट पाण्याच्या गाठीत नुसत्या अंदाजाने सुई घातली की पाणीच बाहेर येतं, आणि ज्या भरीव भागाची शंका आहे तो तसाच राहतो. सोनोग्राफीखाली केलेली तपासणी महाग पडते. पण पुन्हा करावी लागली तर खर्च दुप्पट होतो आणि जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

मोठ्या सरकारी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. तिथे पॅथॉलॉजी विभाग रोज अशा स्लाइड्स बघतो, आणि हा अनुभव फार मोलाचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी असाल तर निदान सोनोग्राफी करणारे रेडिऑलॉजिस्ट नेहमी थायरॉइड बघतात का आणि नमुना वाचायला कोणाकडे जाणार, हे दोन प्रश्न विचारा. काही ठिकाणी नमुना घेतानाच पॅथॉलॉजिस्ट शेजारी बसलेले असतात आणि लगेच मायक्रोस्कोपखाली बघून पुरेशा पेशी आल्या का ते सांगतात. अशी सोय मिळत असेल तर जरूर घ्या.

खर्च विचारताना सगळा मिळून विचारा: सोनोग्राफी, सुई, आणि पॅथॉलॉजीचं वाचन. बऱ्याचदा हे तीन वेगळे असतात आणि शेवटचं बिल वेगळ्या खिडकीवर भरावं लागतं. दोन गाठींना सुई लागणार असेल तर दर कसा, तेही. मेडिक्लेममध्ये अशी ओपीडीतली तपासणी सहसा बसत नाही. पण पुढे ऑपरेशनसाठी भरती व्हावं लागलं तर भरतीआधीच्या ठरावीक दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये मिळतो, म्हणून मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

आधीची तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं आधी बघा. अ‍ॅस्पिरिन चालू असताना बारीक सुईची तपासणी बहुतेक ठिकाणी करतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, एसिट्रोम किंवा नव्या पद्धतीच्या गोळ्या असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. वॉरफरिन, एसिट्रोम घेणाऱ्यांना आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती रक्ततपासणी) करायला सांगतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने ‘सुई टोचायची आहे’ म्हणून गोळी सोडली तर सुईपेक्षा मोठं संकट ओढवू शकतं. बंद करायची की नाही, किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उपाशी राहायची सहसा गरज नसते. सकाळची थायरॉइडची गोळी, बीपीची, साखरेची औषधं नेहमीप्रमाणे घ्या. उलट हलकं खाऊन जा, रिकाम्या पोटी घाबरून चक्कर येण्याचा संभव जास्त. गळा मोकळा राहील असे कपडे घाला, समोर बटणं असलेला कुडता किंवा मोठ्या गळ्याचा ब्लाउज. मंगळसूत्र, चेन, कानातले लोंबते डूल काढून ठेवावे लागतात. आमच्याकडच्या एका काकूंना मंगळसूत्र काढायचं जड जात होतं, तर तिथल्या सिस्टरने ते हातात घट्ट धरून ठेवायला दिलं. प्रश्न मिटला. सोन्याचे दागिने घरीच ठेवून गेलात तर उत्तम.

आधीच्या सगळ्या सोनोग्राफींचे रिपोर्ट आणि शक्यतो फिल्म किंवा सीडी बरोबर न्या. गाठी एकापेक्षा जास्त असतील तर कोणत्या गाठीला सुई लावायची हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: ‘उजवी बाजू, खालचा भाग, अमुक माप’. सगळ्यांत मोठी गाठ हीच सगळ्यांत संशयाची असते असं नाही. मानेत संशयास्पद लसिका गाठ दिसली असेल तर तिलाही त्याच वेळी सुई लावून, सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशींत बनणारं प्रथिन) तपासतात. तसं करायचं असेल तर आधी ठरवावं लागतं, ऐनवेळी नळी तयार नसते.

मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, मान मागे टाकली की गरगरत असेल, दमा किंवा सततचा खोकला असेल, स्थानिक भुलेच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असेल, तर टेबलावर चढण्याआधी सांगा.

टेबलावर

उताणं झोपवतात आणि खांद्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर देतात, म्हणजे डोकं मागे जाऊन गळा वर येतो. सगळ्या प्रकारात मला खरा त्रास झाला तो या स्थितीचा. मान अवघडते आणि समोरचं काही दिसत नाही. गार जेल लावून प्रोब फिरतो, डॉक्टर गाठ पक्की करतात, मग कातडी स्पिरिटने किंवा बीटाडिनने पुसतात. काही जण भुलेचं इंजेक्शन देतात, काही देत नाहीत, कारण ते इंजेक्शनही एक टोचणंच आणि त्याची आग सुईपेक्षा जास्त जाणवते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फार भीती वाटत असेल तर मागून घ्या.

सुई बहुतेक वेळा २३ ते २७ गेजची असते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. रक्त काढायला साधारण २१-२२ गेजची वापरतात, म्हणजे ही तिच्याहून बारीक. डॉक्टर म्हणतात, ‘आता गिळायचं नाही, बोलायचं नाही.’ आणि नेमकी त्याच क्षणी गिळायची ऊर्मी येते. गिळलं की ग्रंथी वर-खाली सरकते आणि सुईचं टोक हलतं, म्हणून ही सूचना पाळावीच लागते. सुई आत जायच्या आधी एकदा नीट गिळून घ्या, मग ओठ किंचित उघडे ठेवून नाकाने हळू श्वास घ्या. त्याने बरंच सोपं जातं. काही सांगायचंच झालं तर हात वर करायचा, हे आधी ठरवून ठेवा.

आत गेल्यावर सुई काही सेकंद भरभर पुढे-मागे हलवतात, त्यातून पेशी सुईत शिरतात. दाब जाणवतो. कधी कळ कानापर्यंत किंवा जबड्यापर्यंत जाते. ते ऐकलेलं नसेल तर माणूस दचकतो, पण त्यात काळजीचं काही नाही. हे एका गाठीत दोन ते पाच वेळा करतात. पुन्हा टोचलं म्हणजे काही बिघडलं असा अर्थ काढू नका. गाठीच्या वेगवेगळ्या भागांतला नमुना मिळावा म्हणूनच ते करतात.

प्रत्येक वेळी शेजारी काचेच्या पट्ट्यांवर थेंब पसरवायचं काम चालू असतं. काही पट्ट्या हवेत सुकवतात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, कारण दोन्ही रंगवायच्या पद्धती वेगळ्या आणि त्यांत वेगवेगळं दिसतं. थेंब जाड पसरला, रक्तातच राहिला किंवा अल्कोहोलमध्ये घालायला उशीर झाला, तर उत्तम लावलेली सुईही फुकट जाते. मी टेबलावरून मान वळवता येईल तेवढी वळवून बघत होते: तिथली मुलगी पेन्सिलने प्रत्येक काचेच्या घासलेल्या कडेला माझं नाव, नंबर आणि कोणती बाजू ते लिहीत होती. ते बघून मला फार धीर आला. दोन गाठींचे नमुने घेतले असतील तर काचांवर बाजू लिहिली आहे ना, एवढं तुम्हीही विचारा. कुणी रागवत नाही.

जाण्यापासून उठण्यापर्यंत सगळं अर्ध्या तासात आटोपतं.

घरी आल्यावर

टोचलेल्या जागी पाच-दहा मिनिटं बोटांनी घट्ट दाबून धरायला सांगतात. ते मनापासून करा. नंतर लहानशी पट्टी. काही वेळ तिथेच बसवून ठेवतात. उठताना एकदम उठू नका, आधी कुशीवर वळा, मग बसा.

त्या दिवशी गळा थोडा दुखतो, निळसर डाग पडू शकतो. कपड्यात गुंडाळलेला बर्फ मधूनमधून लावा. दुखलं तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन दुखण्यासाठी म्हणून त्या दिवशी घेऊ नका. जेवण नेहमीचं चालतं. संध्याकाळी पट्टी काढून अंघोळ केली तरी हरकत नाही. जड उचलणं, जिमला जाणं एक दिवस टाळा.

गळ्याची सूज बघता बघता वाढली, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर घरी वाट बघू नका, सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा. असं क्वचितच होतं, पण झालं तर वेळ महत्त्वाचा. दोन-तीन दिवसांनी ताप, लाली, पू असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट साधारण दोन ते पाच दिवसांत येतो. लोक शेवटची ओळ वाचतात आणि एक तर हुश्श करतात नाही तर रडतात. आधी वरच्या ओळी वाचा. गाठ कोणत्या बाजूची लिहिली आहे? ती तुमच्या सोनोग्राफीशी जुळते का? नमुना पुरेसा होता असं लिहिलं आहे का? पुरेसा म्हणजे सर्वसाधारणपणे, थायरॉइडच्या पेशींचे किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात निदान दहा पेशी. मग शोधा ‘बेथेस्डा’ आणि त्यापुढचा रोमन आकडा. नसेल तर पॅथॉलॉजिस्टला तो लिहून द्यायला सांगा, पुढचे डॉक्टर तोच विचारतील.

ही पद्धत अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे २००७ साली झालेल्या परिषदेतून आली आणि तिची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. सहा गट आहेत. पुढचे टक्के त्याच आवृत्तीतले सरासरी आकडे आहेत. तुमचा नेमका धोका सोनोग्राफी आणि बाकीची माहिती बघून ठरतो.

गट १ म्हणजे नमुना अपुरा. हा ‘काही नाही’ असा निकाल नाही. यातला कॅन्सरचा धोका १३ टक्क्यांच्या आसपास धरतात. तपासणी पुन्हा करावी लागते, या वेळी सोनोग्राफीखालीच, आणि जमलं तर पॅथॉलॉजिस्ट हजर असताना. दुसऱ्यांदाही अपुराच आला तर थोड्या जाड सुईने, म्हणजे ट्रूकटने, छोटा तुकडा घेण्याचा विचार होतो.

गट २ म्हणजे साधी गाठ. कोलॉइड गाठ किंवा हाशिमोटोची सूज असे शब्द इथेच दिसतात. धोका साधारण ४ टक्के. सुईनंतरचे बहुतेक रिपोर्ट याच गटाचे असतात. पुढे साधारण वर्ष-दोन वर्षांनी सोनोग्राफी. गाठ वाढली असं केव्हा म्हणायचं? तीनपैकी किमान दोन मापं २० टक्क्यांनी आणि निदान २ मिलिमीटरने वाढली, तर. वेगवेगळ्या सेंटरवर एखाद-दोन मिलिमीटरचा फरक नेहमीच पडतो, त्यावर झोप उडवून घेऊ नका. पण एक इशारा देते, कारण हे फार वेळा निसटतं: सोनोग्राफीत श्रेणी ५ आणि सुईत गट २, असे दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडत असतील तर सुईच्या निकालावर विसंबून गप्प बसू नका. अशा गाठीची सोनोग्राफी आणि सुई वर्षाच्या आत पुन्हा करायला सांगतात. सुई गाठीच्या बाजूला गेली असण्याची शक्यता असते.

गट ३ सगळ्यांत जास्त छळतो. पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नेमकं बोट ठेवता येत नाही. धोका सुमारे २२ टक्के, म्हणजे पाचांतल्या जवळजवळ चौघांना काही निघत नाही. इथे घाईने सगळी ग्रंथी काढायला होकार देऊ नका. बहुधा काही आठवड्यांनी सुई पुन्हा लावतात आणि कितीतरी जणांचा दुसरा रिपोर्ट गट २ चा येतो. पेशींतल्या जनुकांची तपासणी हाही एक मार्ग आहे. परदेशात तो रुळला आहे, आपल्याकडे महाग आहे.

गट ४ म्हणजे फॉलिक्युलर गाठ. धोका सुमारे ३० टक्के. इथे सुईची मर्यादा येते. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची, हे तिच्या पेशींच्या दिसण्यावरून ठरतच नाही. पेशी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी फोडून बाहेर पडल्या आहेत का, ते बघावं लागतं आणि त्यासाठी सबंध गाठ लागते. म्हणून या गटात पुन्हा पुन्हा सुई लावून उत्तर मिळत नाही. अर्धी ग्रंथी, म्हणजे गाठ असलेली बाजू, काढून तपासतात. ‘अजून कॅन्सर ठरला नाही आणि ऑपरेशन कशाला,’ असं घरचे विचारतात. निदानासाठीच ते ऑपरेशन असतं, हे त्यांना समजावून सांगा.

गट ५ मध्ये दाट संशय, धोका ७४ टक्क्यांच्या आसपास. गट ६ म्हणजे कॅन्सर, ९७ टक्के खात्रीने. बहुतेक वेळा तो पॅपिलरी प्रकारचा असतो आणि योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्ण बरे होऊन नेहमीचं आयुष्य जगतात. ५५ वर्षांखालच्या रुग्णात तो मानेबाहेर दूर पसरलेला नसेल तर त्याला पहिलीच स्टेज म्हणतात, मानेच्या लसिका गाठींत गेलेला असला तरीही. त्यामुळे रिपोर्ट आल्या रात्री कुणाला तरी फोन करून उद्याचं ऑपरेशन ठरवायची गरज सहसा नसते. काही आठवडे नीट चौकशीला मिळतात. रिपोर्टमध्ये ‘मेड्युलरी’ किंवा ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ हे शब्द असतील तर मात्र रेंगाळू नका. मेड्युलरीसाठी रक्तात कॅल्सिटोनिन नावाचं हार्मोन तपासतात आणि तो काही घराण्यांत चालत येतो, म्हणून भावंडांची, मुलांचीही चौकशी होते. अ‍ॅनाप्लास्टिक फार वेगाने वाढतो, त्यात आठवडासुद्धा दवडायचा नसतो.

डॉक्टरांकडे परत जाताना

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून उत्तर मागण्यापेक्षा सोनोग्राफी आणि सुई दोन्हींचे रिपोर्ट घेऊन समोर बसा. विचारायचं ते असं: दोन्ही रिपोर्ट एकमेकांशी जुळतात का? ऑपरेशन सुचवत असाल तर अर्धी ग्रंथी पुरेल का? एक ते चार सेंटिमीटरच्या कमी धोक्याच्या पॅपिलरी गाठीला अर्धी काढली तरी चालते, आणि बऱ्याच जणांना मग आयुष्यभर गोळीही लागत नाही. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी याच भागात असतात, म्हणून थायरॉइडची ऑपरेशनं नेहमी करणारे सर्जन शोधा आणि ‘तुम्ही महिन्याला अशी किती करता?’ हे न संकोचता विचारा.

गट ३, ४ किंवा ५ आला असेल तर स्लाइड्स दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवून घेणं शहाणपणाचं आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड्स तपासून देतात. मोठ्या मेडिकल कॉलेजांतही विचारा. लॅबला लेखी अर्ज दिला की स्लाइड्स मिळतात. त्या प्लॅस्टिकच्या स्लाइड-डबीतच न्या. कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलेल्या काचा एसटीच्या एका धक्क्यात फुटतात, आणि फुटलेल्या काचेसाठी पुन्हा सुईच लावून घ्यावी लागते. डबीवर नाव, रिपोर्टचा नंबर आणि गाठीची बाजू लिहा. किती काचा नेल्या ते अर्जाच्या प्रतीवर लॅबकडून लिहून घ्या, आणि तपासून झाल्यावर तेवढ्याच मोजून परत आणा.